यमाच्या वहीत नाव नव्हतं, म्हणून गोळ्या बंद?

पत्र (थोडक्यात): माझे सासरे, अण्णा, वय ६९. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून सांगलीला नेलं. कॅथलॅबच्या, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीच्या, दारातच हृदय बंद पडलं. छाती दाबली, दोनदा शॉक दिले, पाचेक मिनिटांनी ठोके परत आले. स्टेंट बसवला. तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते. घरी आल्यावर ते सांगू लागले, ‘मी वरून स्वतःला बघत होतो. निळी टोपी घातलेली बाई माझं घड्याळ काढत होती. मग दोन काळे धिप्पाड माणूस मला घेऊन गेले. तिथे एक जण वही उघडून बसला होता. तो म्हणाला, नाव तेच आहे, पण गाव दुसरं. याला परत सोडा, याची अजून बारा वर्षं आहेत.’ त्याच रात्री आयसीयूत आमच्याच आडनावाचे दुसरे गृहस्थ गेले, असंही सगळे सांगतात. आता अण्णा म्हणतात, बारा वर्षं पक्की आहेत, गोळ्या कशाला? आठ दिवसांपासून दोन गोळ्या बंद आहेत. अकरावीतला मुलगा सर्वांसमोर त्यांच्या तोंडावर ‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडला’ म्हणाला, तेव्हापासून दोघांत अबोला. दीर एका महाराजांच्या कार्यक्रमात अण्णांना व्यासपीठावर बसवायचं म्हणताहेत. आणि शेजारच्या काकू, ज्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, त्या विचारायला आल्या, ‘तिथे आमचा पोरगा दिसला का?’ अण्णा म्हणाले, ‘दिसला, सुखात आहे.’ मी काय करू? मी स्वतः देव मानते, पण हे पटत नाही. – एक सून, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, स्वर्गाचं नंतर बघू. आधी गोळ्या.

डिस्चार्ज कार्ड काढा आणि बंद केलेल्या दोन गोळ्या कोणत्या ते बघा. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बरोबरीने चालतात. एक अ‍ॅस्पिरिन, बहुधा ७५ मिलिग्रॅम, आणि दुसरी क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम दोनदा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ही जोडी साधारण वर्षभर द्यायची असते. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत रक्ताला ती परकीच वाटते, आणि गोळी अचानक थांबली की त्या जाळीतच गुठळी होऊ शकते. असं झालं तर दुसरा झटका येतो, आणि तो बऱ्याचदा जीवघेणा असतो. पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे, आणि तुम्ही नेमक्या त्यातच आहात. म्हणून आजच हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा, ‘आठ दिवस खंड पडला’ असं स्पष्ट सांगा आणि पुढे कसं सुरू करायचं ते विचारा. चुकलेला डोस भरून काढायला दोन-दोन गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. मधल्या काळात छातीत दुखलं, घाम फुटला किंवा धाप लागली तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

अण्णांशी यावर वाद घालू नका. त्यांच्याच हिशेबाने बोला: ‘अण्णा, बारा वर्षं दिली असतील, तर ती या गोळ्या धरूनच दिली असतील ना?’ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे पटतं, कारण त्यात त्यांचा अनुभव खोटा ठरत नाही.

आता मूळ प्रश्न. अण्णा खोटं बोलताहेत असं आम्हाला वाटत नाही, आणि ते वेडेही झालेले नाहीत. नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांत हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना व्यवस्थित विचारलं गेलं. २००१ साली त्याचा अहवाल आला. त्यात ६२ जणांनी, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी, असा काही ना काही अनुभव सांगितला. हे तसं दुर्मीळ नाही. अनुभव आला का, तर आला. तो नेमका कधी आला, आणि त्यावरून वर काय आहे हे कळतं का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. तुमच्या घरात तिन्हीची एकच खिचडी झाली आहे. म्हणून नातू आजोबांचा अनुभवच नाकारतो आणि दीर त्याच अनुभवाला पुरावा समजतात.

पहिलं काम म्हणजे हकिकत लिहून काढा. खरं तर हे घरी आल्यावर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं, पण अजूनही उपयोग आहे. दुपारी, घरात गर्दी नसताना, तुम्ही एकट्या त्यांच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज टिपून घ्या, सुरुवातीला तारीख बोला. मग एकच प्रश्न विचारा, ‘अण्णा, पहिल्यापासून सांगा.’ ते थांबले की ‘मग?’ एवढंच. ‘उजेड होता का’, ‘आई भेटली का’, ‘यमाकडे रेडा होता का’ असलं काहीही विचारायचं नाही. मरणाच्या दारातल्या अशा अनुभवांच्या अभ्यासकांकडे १६ प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, ती इंटरनेटवर सहज सापडते. तुमचा मुलगा ती काढून आणेल आणि एकेक प्रश्न वाचून दाखवेल. तसं करू देऊ नका, कारण प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. १९९५ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या खऱ्या घटनांबरोबर ‘तू पाच वर्षांचा असताना बाजारात हरवला होतास’ अशी एक बनावट घटना सांगितली, घरच्यांच्या नावाने. त्यांतल्या ६ जणांना पुढच्या मुलाखतींतही ते हरवणं थोडंफार का होईना, आठवतच राहिलं. ते लबाड नव्हते. आठवण पुन्हा पुन्हा सांगताना माणूस ती नव्याने रचत असतो, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं तेही तिच्यात मिसळतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तसंच बसा आणि दुसरी हकिकत टिपा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा, काय वाढलं. बारा वर्षांचा आकडा पहिल्या वेळी होता का? ‘गाव दुसरं’ हे होतं का? की आयसीयूतल्या त्या दुसऱ्या गृहस्थांची गोष्ट कानावर आल्यावर ते आलं? तुम्हाला ज्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदा सांगितलं, त्या दिवशीचं तुम्हाला जे आठवतं तेही आजच एका कागदावर उतरवून ठेवा, दुसऱ्या कुणाशी चर्चा न करता.

दुसरं काम दवाखान्याच्या फाइलचं, आणि सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो. रुग्णाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला केसपेपरची प्रत मागता येते, आणि अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही. नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट आणि सीपीआर (छाती दाबून ठोके परत आणण्याचा प्रयत्न) चालू असतानाची नोंद, असं नाव घेऊन मागा. त्यातून या पाच-सहा गोष्टींची घड्याळातली वेळ शोधून काढा: कॅथलॅबकडे कधी नेलं, ठोके कधी थांबले, छाती दाबायला कधी सुरुवात झाली, शॉक आणि अ‍ॅड्रेनलिन कधी दिलं, ठोके कधी परतले (कागदावर बहुधा ‘आरओएससी’ असं लिहिलेलं असतं), आणि ते शुद्धीवर आल्याची पहिली नोंद कधीची. शुद्धीची नोंद जीसीएस नावाच्या आकड्यात असते, जास्तीत जास्त १५. घशात नळी असेल तर बोलण्याच्या जागी ‘टी’ लिहितात, त्यामुळे ‘ई४ व्हीटी एम६’ असं काही दिसलं तर घाबरू नका. याचा अर्थ डोळे आपोआप उघडत होते, सांगितलेलं समजून हालचाल करत होते, फक्त नळीमुळे बोलता येत नव्हतं. असा माणूस खाटेवर पडून सगळं ऐकत असतो!

आता घड्याळाचं बघा. अँजिओप्लास्टीला (स्टेंट बसवायला) नेण्याआधी रुग्णाचं घड्याळ, अंगठी, गळ्यातलं उतरवतात, मनगटाची किंवा जांघेची जागा साफ करतात, गोळ्या चावायला देतात. हे सगळं रुग्ण जागा असतानाच चालतं. अण्णांचं हृदय दारातच बंद पडलं. म्हणजे निळ्या टोपीची बाई घड्याळ काढत होती तेव्हा अण्णा शुद्धीवर असण्याचीच शक्यता जास्त. वस्तू नातेवाइकांच्या ताब्यात देताना सही घेतात, त्या चिठ्ठीवर वेळ असेल तर बघा. आठवण खरी असेल, फक्त तिची वेळ सरकलेली असेल. असं फार होतं. या विषयातली सगळ्यात गाजलेली केस १९९१ ची, अमेरिकेतल्या फिनिक्सची. मेंदूतल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया करायला एका बाईचं शरीर १५-१६ अंशांपर्यंत थंड करून हृदय थांबवलं होतं. नंतर तिने कवटी कापायच्या करवतीचं वर्णन केलं, आणि ‘मेंदू बंद असताना तिने पाहिलं’ असं जगभर सांगितलं गेलं. प्रत्यक्षात करवत चालली ती हृदय थांबवण्याच्या दोन तासांहून जास्त आधी. तेव्हा ती भुलीखाली होती, पण हृदय चालू होतं.

ठोके थांबल्यावर मेंदूची विद्युत नोंद साधारण १० ते २० सेकंदांत सपाट होत जाते. पण छाती नीट दाबली तर नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश रक्त फिरत राहतं. काही रुग्ण सीपीआर चालू असतानाच हात हलवतात, डोळे उघडतात, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. पुढचे तीन दिवस व्हेंटिलेटरचे. नळी सहन व्हावी म्हणून मिडाझोलाम, फेंटानिल, कधी केटामीन अशी गुंगीची औषधं देतात. केटामीनने शरीराबाहेर तरंगल्यासारखं वाटतं, हे भूलतज्ज्ञांना रोजचं आहे. शिवाय आयसीयूतला वात, डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात, तो व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत खूपच आढळतो. त्यात अनोळखी माणसं आपल्याला धरून कुठेतरी नेताहेत असं वाटणं अगदी नेहमीचं. खरोखरच दोन धिप्पाड वॉर्डबॉय स्ट्रेचर ओढत असतात, हेही ध्यानात घ्या. म्हणजे अण्णांचा अनुभव त्या पाच मिनिटांतला आहे, की तीन दिवसांतला, की जाग येतानाचा, हे फाइल हातात आल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. अण्णासुद्धा नाही.

वहीवाल्याबद्दल थोडं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या अशा १६ हकिकती प्रसिद्ध केल्या. त्यांत वारंवार येतं ते असं: दूत नेतात, कुणीतरी वही किंवा कागद उघडतो, चुकीचा माणूस आणलाय असं निघतं, परत पाठवतात, आणि त्याच नावाचा दुसरा कुणी गेल्याचं नंतर कळतं. पाश्चात्त्य हकिकतींत बोगदा, उजेड, गेलेले नातलग असतात. तिकडे कारकुनी चूक होत नाही. आपल्या परलोकात मात्र तलाठी कचेरीसारखी नावाची गफलत होते! श्रद्धाळू माणूस म्हणेल, देव ज्याला त्याला समजेल अशा रूपात भेटतो. म्हणू शकतो, पण मग कुठलीही हकिकत कुठल्याही स्वर्गाला लागू पडते, आणि तिच्यावरून वरच्या व्यवस्थेचं एकही कलम ठरवता येत नाही. बारा वर्षांचं तर नाहीच. ज्याच्या घरी कुणी गेल्यावर गरुडपुराण वाचलं जातं, ज्याने लहानपणी चित्रगुप्ताची वही ऐकली, त्याचा मेंदू अडचणीत सापडल्यावर ती वही उघडणार, यात नवल काय?

त्या दुसऱ्या गृहस्थांचंही मूळ शोधा, पण दुसऱ्या रुग्णाची माहिती दवाखान्याकडे मागू नका, ती ते देणार नाहीत आणि देऊही नये. फक्त इतकं विचारा: हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, त्याला कुणी, आणि अण्णांची हकिकत ऐकण्याआधी की नंतर? तुमचं आडनाव आपल्या भागात दर चौथ्या दारावर असेल, तर आयसीयूत त्याच आडनावाचा दुसरा रुग्ण असण्यात काही विशेष नाही.

मुलाला आमचा निरोप द्या: त्याचं विज्ञान अर्धवट आहे. ‘ऑक्सिजन कमी पडला’ एवढ्यानं भागत नाही. त्या ३४४ रुग्णांत प्रत्येकाचंच हृदय थांबलं होतं, तरी ८२ टक्के लोकांना काहीच आठवलं नाही, आणि हृदय किती मिनिटं बंद होतं याचा अनुभवाशी संबंध सापडला नाही. मेंदूची कारणं अनेक दिसतात. जिनिव्हात २००२ साली एका अपस्मार रुग्णाच्या मेंदूच्या उजव्या बाजूला ठरावीक जागी वीज दिली की तिला आपण वरून स्वतःला बघतोय असं वाटायचं. मिशिगनमध्ये २०२३ साली व्हेंटिलेटर काढलेल्या चार मरणासन्न रुग्णांची नोंद तपासली. त्यांतल्या दोघांच्या मेंदूत अखेरच्या क्षणी वेगवान लहरींची उसळी दिसली. पण ते दोघे वारले, त्यामुळे त्यांना काय दिसलं हे विचारताच आलं नाही. हे सगळे धागे आहेत, अजून दोर वळलेला नाही.

वरून पाहिल्याची परीक्षाही झाली आहे. हृदय बंद पडून परतलेल्यांचा अभ्यास करणारे डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने १५ रुग्णालयांत छताजवळ शेल्फ लावून त्यावर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ च्या अहवालात २०६० वेळा हृदय बंद पडल्याची नोंद आहे. वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलता आलं. एकाने शॉक देणाऱ्या मशीनने बोललेली सूचना आणि खोलीतला एक माणूस बरोबर सांगितला, पण त्याच्या खोलीत शेल्फच नव्हतं. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात डोक्याजवळ टॅब्लेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं आणि कानात तीन फळांची नावं लावली. ५६७ पैकी ५३ जगले, २८ जणांच्या मुलाखती झाल्या. चित्र एकालाही ओळखता आलं नाही, फळांची नावं एकाने सांगितली. बेशुद्ध दिसणारा माणूस ऐकत असू शकतो, इतकं यावरून म्हणता येतं. वरून पाहिल्याचा पुरावा अजून कुणाच्या हाती नाही. मुलाने आजोबांना एवढंच म्हणावं, ‘तुम्हाला दिसलं हे मला मान्य आहे, त्याचा अर्थ मला निराळा वाटतो.’ आणि आधी माफी मागावी, ती सर्वांसमोर, कारण अपमानही सर्वांसमोर झाला होता.

आता व्यासपीठ. इथे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो: जाऊ देऊ नका. अमेरिकेत ओहायोतला सहा वर्षांचा एक मुलगा २००४ साली मोटार अपघातात जबर जखमी झाला, दोन महिने कोमात होता. २०१० साली त्याच्या आणि वडिलांच्या नावावर त्याच्या स्वर्गवारीचं पुस्तक आलं, दहा लाखांवर प्रती खपल्या. आईची त्यावर जाहीर नाराजी होती. जानेवारी २०१५ मध्ये त्या मुलाने स्वतःच पत्र लिहून कळवलं की मी मेलो नव्हतो, स्वर्गातही गेलो नव्हतो; लक्ष वेधलं जाईल असं वाटून मी ते सांगितलं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. मधली पाच वर्षं ती कथा त्या मुलाची राहिली नव्हती. व्यासपीठावर अण्णांचंही तेच होईल. पहिल्या सभेत टाळी कुठे पडते ते कळतं, दुसऱ्या सभेत ती जागा लांबते. तिसऱ्या सभेला कुणीतरी आजारी मूल पुढे आणतं, ‘हात ठेवा’ म्हणून.

दिरांना कायद्याची बाजूही सांगा. कीर्तन, प्रवचन, भजनी मंडळात आपला अनुभव सांगणं यात काही गुन्हा नाही, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने धार्मिक कार्यक्रमांना हात लावलेला नाही. पण तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हे त्यात येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. महाराज पाकीट देणार असतील, पावती-पुस्तक फिरणार असेल किंवा ‘दर्शनाने आजार जातो’ असं पत्रकावर छापलं असेल, तर अण्णांचं नाव त्यावर येऊ देऊ नका.

सर्वांत अवघड आहे ते काकूंचं. अण्णांनी दयेपोटी सांगितलं, हे उघड आहे. पण तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत तो मुलगा कुठेच नाही. अण्णांना एकांतात विचारा, ‘तो खरंच दिसला होता, की काकूंना बरं वाटावं म्हणून म्हणालात?’ आमचा अंदाज आहे, ते गप्प होतील. त्यांना शरमिंदं करू नका. काकूंकडे जाऊन ‘ते खोटं होतं’ असं सांगायचीही गरज नाही. पण दुसऱ्यांदा हे घडू देऊ नका, कारण काकू पुन्हा येतील: ‘काय घातलं होतं त्याने? माझ्यावर रागावलाय का?’ आणि प्रत्येक उत्तर अण्णांना नव्याने रचावं लागेल. गावात कळलं की आणखी दहा आया दारात उभ्या राहतील. अण्णांना एक वाक्य शिकवून ठेवा: ‘मला काय दिसलं ते मलाच नीट कळलं नाही, तुझ्या पोराबद्दल मी सांगू शकत नाही, पण ये, बस.’ मग त्या मुलाच्या आठवणी काढू द्या. त्यासाठीच तर त्या येतात. त्यांची झोप, जेवण दोन वर्षांनंतरही बसलेलं नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, मराठीतही बोलता येतं.

अण्णांवरही लक्ष ठेवा. हृदय बंद पडून परतलेल्या माणसात विसराळूपणा, चिडचिड, रात्री दचकून उठणं बरेच दिवस राहू शकतं. ‘तिथे फार शांत होतं, परत जायचंय’ असं ते वारंवार म्हणू लागले किंवा जेवण टाळू लागले, तर ते वैराग्य समजू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

तुम्ही देव मानता आणि हे पटत नाही, यात विसंगती काहीच नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात स्वर्गाला मुक्कामाचं ठिकाणही मानलेलं नाही, पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात यावं लागतं. आपली वारकरी मंडळी तर मोक्षसुद्धा नको, पुन्हा जन्म घेऊन पंढरीला येऊ दे, म्हणतात. अण्णा हरिपाठ म्हणत असतील तर तो ते आजारी पडण्याआधीही म्हणत होते. संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून तोच म्हणा, आणि तो संपला की पाण्याच्या तांब्याबरोबर रात्रीची गोळी पुढे करा.